भावजी आणि यंत्रातली टिकटिक

आमच्या भावजींना भीती वाटत नसे अशी एकही गोष्ट कलकत्त्यात नव्हती. कलकत्त्याबाहेर एखादी असलीच, तर तिची बातमी त्यांच्यापर्यंत पोचायची राहिली होती एवढंच. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. केंद्र सरकारच्या एका हिशेबी ऑफिसात सुपरिंटेंडेंट. अंगाने उंचेपुरे, आवाज भारदस्त, मिशा तर अशा की ट्राममध्ये लोक आपणहून सरकून जागा देत. त्या मिशांच्या मागे केवढी धडधड चालू आहे हे फक्त आम्हा घरच्यांना ठाऊक. मला त्याच ऑफिसात टायपिस्टची नोकरी लागली आणि मी काळीघाटला त्यांच्याकडे राहायला आले, तेव्हा हावड्याच्या फलाटावर त्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता: "कुंदा, गाडीत कोणी दिलेलं काही खाल्लं नाहीस ना?" मी एक संत्रं खाल्लं होतं. घर येईपर्यंत ते टॅक्सीत वाकून वाकून माझे डोळे तपासत होते.

छताचा पंखा हा त्यांचा जुना वैरी. तो पडणारच, प्रश्न फक्त कधी, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. म्हणून पलंग असा तिरका लावलेला, की पंखा पडलाच तर तो दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडावा. ताईने एकदा सहज विचारलं, "आणि झोपेत आपणच मध्ये सरकलो तर?" दुसऱ्या दिवसापासून मधल्या जागेत लोड आला. ट्राम हावड्याच्या पुलावर चढली की भावजी दोन्ही पाय जमिनीवरून उचलून धरत. "तेवढंच पुलावरचं वजन कमी," असं ते गंभीरपणे सांगत. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बंगाली गृहस्थांना त्यांनी हे एकदा समजावून दिलं. गृहस्थांनी चष्मा पुसला, खाली हुगळीकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि आपलेही पाय वर घेतले. शेजारच्या सेनकाकूंकडे लग्न होतं तेव्हा आमचे शाकाहारी भावजी पंगतीत अगदी मधोमध जाऊन बसले. हातात साध्या भाताचा घट्ट वळलेला गोळा. सगळी पंगत हिलसा मासा खात असताना हे एकेकाच्या गळ्याकडे टक लावून पाहत होते. कोणाला काटा लागलाच तर गोळा तयार असावा म्हणून. स्वतः काही जेवलेच नाहीत.

एरवी आम्ही हसत असू. पण ते दिवसच असे होते, की भावजींना हसता हसता आमचंच हसू अर्ध्यावर थांबे. सत्तर-एकाहत्तरचा काळ. संध्याकाळ झाली की गल्लीतल्या दुकानांच्या फळ्या धडाधड लागत, आणि मग कधी लांब, कधी अगदी कोपऱ्यावर हातबॉम्ब फुटे. भिंतींवर रोज नक्षलवाद्यांच्या नव्या घोषणा. सेनकाकूंचा भाचा कॉलेजला म्हणून गेला तो घरी आलाच नाही. काकू त्याचं नावदेखील हळू आवाजात घेत. पोलिसांच्या गाडीत घातलेला तरुण पोरगा परत कधी येईल, कसा येईल, येईल की नाही, हे कोणीच सांगू शकत नसे.

अशात आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला. तेव्हा असत तसा खोलीभर नव्हे, हिशेबापुरता, टेबलावर मावेल एवढा, करड्या रंगाचा, वरच्या अंगाला हवेसाठी फटी आणि मागे बशीएवढा पंखा. बंगाली मंडळी त्याला 'जोंत्रो' म्हणत. हे यंत्र आपल्या नोकऱ्या खाणार, अशी कारकुनांची खात्री होती. फाटकावर रोज 'चोलबे ना, चोलबे ना', म्हणजे 'चालणार नाही', सुरू झालं. त्यात सर्वांत पुढे आमच्याच खात्यातला दीपंकर. हडकुळा, दाढीवाला, घोषणा देताना ऐन वेळी आवाज चिरकणारा. भावजी त्याला रोज कळवळून सांगत, "अरे, सभा कर, पण मागे उभं राहून कर." तो हसून म्हणे, "दादा, मागेच उभं राहायचं तर सभा कशाला?" एका सभेत तो बोलून गेला, की हे यंत्र इथे टिकणार नाही. मोठ्या साहेबांच्या कानावर ते गेलं. साहेबांनी यंत्र सांभाळायला ऑफिसातला सर्वांत जपून वागणारा माणूस निवडला, म्हणजे भावजी. शिवाय सक्त हुकूम काढला, की कामाखेरीज यंत्राला जो कोणी हात लावेल तो घरी बसेल. आपल्या खंडेनवमीसारखी तिकडे विश्वकर्मा पूजा असते; तिला सगळ्या टाइपरायटरांना झेंडूच्या माळा पडल्या; यंत्राला तेवढी नाही.

दुर्गापूजेची सुट्टी संपून ऑफिस उघडलं त्या सकाळची गोष्ट. झाडूवाल्याने यंत्राचं टेबल सरकवून खोली झाडली, भावजींनी रोजच्यासारखे डोळे मिटून स्विच दाबला. आधी नेहमीचा घूंऽऽ असा आवाज. मग त्या आवाजातून दुसरा आवाज आला. टिक्… टिक्… कर्र… टिक्. एकेक टाइपरायटर थांबत गेला. माझी बोटं कळांवरच राहिली. टिक्… टिक्… कोणीतरी "बोमा!" असं किंचाळलं आणि सगळं खातं जिन्याकडे धावलं. मीही धावले. दारात भावजी उभे होते, पांढरेफटक, आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून पुटपुटत होते, "हा आला, ही आली, हा आला…" शेवटी शिपायाने बाहेरचा मेन स्विच खाली ओढला. आवाज थांबला. म्हणजे बॉम्ब नव्हे. बॉम्ब काही ऑफिसच्या विजेवर चालत नाही. लोक घाम पुसत हसायला लागले. भावजी मात्र हसले नाहीत.

"बॉम्ब नाही म्हणजे कोणीतरी यंत्राला काहीतरी केलंय," ते मला म्हणाले. "कुंदा, हे जास्त वाईट आहे."

तसंच झालं. साहेबांनी दीपंकरला बोलावून घेतलं आणि केबिनबाहेरच्या बाकावर बसवलं. शेजारी दरवान उभा केला. "मी काहीच केलं नाही," एवढंच तो म्हणत राहिला. यंत्राच्या कंपनीचा माणूस मुंबईहून यायला आठवडा लागणार होता. साहेब तितके थांबायला तयार नव्हते. जेवणाच्या सुट्टीनंतर पोलिसांना बोलावतो, असं त्यांनी जाहीर केलं. हे ऐकून सगळं खातं खाली मान घालून कागद चाळू लागलं. दीपंकर बाकावर बसून आपल्या चपलांकडे बघत होता. त्याची दाढी काढली असती तर आत किती लहान चेहरा निघाला असता, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

भावजी उठले. केबिनच्या दारावर टकटक करायला त्यांना तीनदा हात उचलावा लागला. "सर, त्याआधी मी एकदा बघू का?"

विजेच्या यंत्राला हात लावण्याची त्यांची तयारी पाहून कोणालाही हसू आलं असतं. पायांत दरवानाचे गमबूट, हातांत ताईने विणलेले लोकरी हातमोजे, डोक्याला माकडटोपी, पायाखाली लाकडी फळी. प्लग काढून भिंतीपासून दूर ठेवलेला, आणि तो पुन्हा आपणहून जाऊन बसू नये म्हणून त्यावर एक जाड फाइल. मी टॉर्च धरला होता. भावजींनी मागचा पहिला स्क्रू पिळायला घेतला आणि पुन्हा बारीक टिक्टिक् सुरू झाली. मी दचकून मागे सरले.

"घाबरू नकोस," ते म्हणाले. "हा आवाज माझा आहे. हात थरथरतोय."

झाकण निघालं. मी टॉर्च आत मारला. पंख्याच्या जाळीत, पात्यांच्या खालच्या अंगाला, काहीतरी बारीक लालसर अडकलं होतं. भावजींनी मोजा काढून ते चिमटीत धरलं आणि तळहातावर घेतलं. तांदळाचे दाणे. कुंकू लावलेले.

ते मटकन फळीवर बसले. "कुंदा, या माझ्या अक्षता."

मग हळूहळू कळलं. विश्वकर्मा पूजेच्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी ऑफिसात आले होते. घरच्या देवापुढच्या चिमूटभर अक्षता त्यांनी यंत्राच्या डोक्यावर वाहिल्या होत्या आणि त्या फटींतून आत गेल्या होत्या. इतके दिवस निमूट पडून राहिल्या. आज टेबल हललं आणि घरंगळून पंख्यात आल्या.

मी दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं. "भावजी, खिशात टाका," मी कुजबुजले. "स्क्रू सैल झाला होता म्हणा."

त्यांनी मूठ मिटली आणि पुन्हा उघडली. कपाळावरून घाम मिशांत उतरत होता. "मग स्क्रू दीपंकरने सैल केला म्हणतील," ते म्हणाले. "काहीही सांगितलं तरी ते त्याच्याच अंगावर जाणार. हे मात्र नाही जाणार. बंगाल्याच्या घरात अशा अक्षता कुठून येतील?"

गमबूट, माकडटोपी, सगळं अंगावर तसंच ठेवून ते केबिनकडे निघाले. दोनदा भिंतीला हात लावून थांबले. मला वाटलं, हे आता पडणार. दीपंकरजवळून जाताना त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. आत जाऊन साहेबांपुढे हात उघडला.

"साहेब, हे तांदूळ माझे आहेत."

"तांदूळ?" साहेबांना आधी काही उमजेना. "यंत्रात तांदूळ कशाला?"

"मला भीती वाटली, साहेब."

"कसली भीती? यंत्राची?"

"यंत्राचीपण. पण जास्त त्याच्या पुढची." भावजींचा भारदस्त आवाज अगदी बारीक झाला होता. "याच्यामुळे कोणाची नोकरी जाईल. मग कोणी चिडून ते फोडेल. मग पोलीस येतील, कोणाला तरी घेऊन जातील. म्हणून त्याला म्हटलं, बाबा, तू शांत राहा, आणि आमच्या मंडळींनाही सांभाळ. एवढंच म्हटलं, साहेब."

साहेब ओरडतील म्हणून मी दाराआड श्वास धरून उभी होते. ते ओरडले नाहीत. फोनवर ठेवलेला हात त्यांनी उचलून घेतला आणि दरवानाला हाक मारून सांगितलं, "त्या पोराला कामावर जाऊ दे."

हुकूम तो हुकूम. भावजी घरी बसले नाहीत, पण त्यांची बढती अडली आणि बदली झाली. तीही शिलाँगला, म्हणजे भूकंपाच्या मुलखात. ऑर्डर हातात पडल्यावर ते ताईला म्हणाले, "तिथे निदान छतं पत्र्याची असतात," आणि मग पत्रा पडल्यावर काय काय कापलं जातं ते मोजू लागले. सियालदा स्टेशनवर पोचवायला सगळं खातं आलं होतं. गाडी हलली तसा दीपंकर पुढे झाला. मग खिडकीच्या गजांना धरून चालता चालता म्हणाला, "दादा, तुमच्याइतका भित्रा माणूस मी जन्मात पाहिला नाही." त्याचा आवाज चिरकला. भावजी खिडकीतून ओरडले, "आधी गज सोड! गाडीखाली येशील!"

दीपंकरने पुढल्या वर्षी ती नोकरी सोडली. तो कुठे गेला ते कळलं नाही. भावजी दर पत्रात त्याची चौकशी करत आणि कलकत्त्यातच राहिलेली मी दर पत्रात 'खुशाल असेल' असं लिहीत असे. निवृत्तीनंतर ते आणि ताई पुण्याला आले. पुढे मीही आले. भावजी गेले ते एका दुपारी, जेवून आडवे झाले असताना, काही कळायच्या आत. ज्या गोष्टीला ते जन्मभर भ्याले तिने त्यांना घाबरायला वेळच दिला नाही, हे बरं झालं, असं ताई लोकांना सांगायची. ती त्या दिवसांतही रडली नाही. ती कधीच घाबरट नव्हती. बाहेर बॉम्ब फुटत असतानाही पोळ्या लाटत राहायची.

परवा मी तिच्याकडे दिवसभर राहून संध्याकाळी रिक्षाने घरी आले. कुलूप उघडते तोच आत फोन वाजत होता.

"पोचलीस?" ताई.

"आत्ताच. का गं, काय झालं?"

"काही नाही. तुझी रिक्षा जरा जोरातच निघाली ना. मला उगीच…"

पुढचा शब्द तिला येईना. आयुष्यात तिने तो स्वतःसाठी कधी वापरलाच नव्हता. मी फोन कानाला लावून अंधारातच उभी राहिले. दिवा लावायचं सुचलं नाही. थोड्या वेळाने "बरं, ठेवते," असं आम्ही दोघीही म्हणालो, आणि दोघींपैकी कोणीच फोन ठेवला नाही.