वाया गेलो

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमागे, पत्र्याच्या एका गाळ्यात एक म्हातारे कारागीर घडीच्या चाकूंना शिसवी मुठी बसवतात. मी कित्येक वर्षं त्यांच्याकडे जातो, नाव कधी विचारलं नाही. बोलणं कमी, तेही पक्कं मालवणी. मूठ झाली की डोळे मिटून ती गालावरून फिरवतात. खरखर लागली की पुन्हा कानस. चाकू मिटताना 'टक' वाजल्याशिवाय हातात देत नाहीत.

परवा वडिलांचा चाकू नेला. जुनी मूठ तडकली होती. नव्या मुठीची पिन ठोकताना त्यांची हातोडी दोनदा बाजूला पडली, म्हणून मी बाहेर बघत राहिलो. पातं मिटेना. त्यांनी पिन काढली, पुन्हा ठोकली, पुन्हा काढली. तिसऱ्यांदा लाकूडच उभं चिरलं.

"राहू द्या काका, चालेल मला," मी म्हणालो.

त्यांनी उघडा चाकू वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला. मग भरदुपारीच सगळ्या कानशी डब्यात भरून झाकण लावलं.

"वाया गेलो," ते म्हणाले.

मालवणीत चाकू वाया गेला तरी 'गेलो'च म्हणतात. घरी पोचेपर्यंत मी स्वतःला हेच समजावत होतो.