पोळपाटावरून थेट कारखान्यात

कणिक मळून ठेवलेली, तवे तापलेले, आणि पोळ्या लाटायला एकही बाई नाही. वसतिगृहाचे डबे बाराच्या आत पोचले नाहीत, तर उद्यापासून काम दुसऱ्या खानावळीला देऊ, असं तिथल्या मॅनेजरने मला आधीच बजावलं होतं. आणि ज्यांच्यामुळे हे सगळं घडलं, ते माझे धाकटे दीर दारात उभे राहून पेढे वाटत होते. "वहिनी, अभिनंदन! तिघीही पास झाल्या!" देशाचं भलं आणि माझं वाटोळं एकाच हाताने करणारा दुसरा माणूस पुण्यात सापडायचा नाही.

भाऊजींनी सगळी नोकरी खडकीच्या सरकारी कारखान्यात नव्या कामगारांना शिकवण्यात घालवली. निवृत्त होऊन वारज्यात आमच्या शेजारी राहायला आले, पण शिकवणं काही सुटलं नाही. इस्त्रीवाल्याला त्यांनी वायरिंग शिकवलं. तो आता इमारतींची कंत्राटं घेतो आणि भाऊजी चुरगळलेल्या शर्टात हिंडतात. सोसायटीच्या वॉचमनला यंत्रांचे नकाशे वाचायला शिकवले. तो कारखान्यात गेला, मग त्याच्या जागी आलेलाही गेला. चेअरमन चिडून म्हणाले, "अहो, आता फाटक कोण उघडणार?" भाऊजी म्हणाले, "तुम्हाला दोन हात आहेत की." माणूस होता तिथेच टिकला की भाऊजींना तो स्वतःचा अपमान वाटतो. दूधवाल्यावर ते कायमचे नाराज आहेत, कारण तो अजून दूधच घालतो. मला मात्र त्यांनी लवकर सोडलं. म्हणाले, "वहिनी, तुमचं बांधकाम पूर्ण झालंय. आता फार तर रंग लावता येईल."

माझ्या पोळ्या करणाऱ्या तिघी विदर्भातून आलेल्या. दुपारची आवराआवर झाली की भाऊजी त्यांना व्हरांड्यात बसवून गाड्यांच्या वायरी जोडायला शिकवत. मला वाटलं, बरं आहे, निदान आपसात भांडत तरी नाहीत. तर चाकणच्या एका कारखान्याने परीक्षा घेऊन तिघींना एकदमच घेतलं. त्या सकाळी कारखान्याची बस कोपऱ्यावर येऊन उभी होती. त्यांच्यातली थोरली माझ्या पाया पडून म्हणाली, "काकू, राग नका करू जी. तिथं रविवारची सुट्टी भेटते." माझ्याकडे रविवारी गोडाचं जेवण, म्हणजे उलट जास्तच काम. मी म्हटलं, "जा."

भाऊजी मला समजावायला लागले. "वहिनी, जमिनीत लोखंड किती आहे, यावर देश मोठा होत नाही. माणसांच्या हातांना काय येतं, यावर होतो."

मी त्यांच्या हातात लाटणं दिलं. "तुमच्या हातांना काय येतं ते बघू."

काही येत नव्हतं. पहिली पोळी पोळपाटाला चिकटली, दुसरी लाटण्याला. "जाडी एकसारखी नाही," ते स्वतःच म्हणाले आणि मोजपट्टी शोधायला लागले. मी ओरडले, "दाबू नका हो, फिरू द्या! आधी कडा! ती पोळी आहे, पत्रा नव्हे!" घाम पुसत ते नुसते "बरं, बरं" म्हणत होते. मी भाजत होते, ते लाटत होते. पोळ्या कमी आणि भात जास्त, असे डबे बाराच्या आत गेले. दुपारी मॅनेजरचा फोन आला, "काकू, आज पोळ्यांना कोपरे कसे?" मी म्हटलं, "खा गुपचूप. सरकारी माणसाने केल्यात." तो हसला. काम राहिलं.

नवी बाई मी अजून ठेवलेली नाही. ठेवली तर भाऊजी तिलाही चाकणला पाठवतील. ते आता रोज सकाळी येतात. त्यांची पोळी फुगते, तिला पदर सुटतात, आणि आपली पोळी ते मला उजेडात धरून दाखवतात. परवा मी म्हटलं, "भाऊजी, काम छान आलं तुम्हाला. आता तुम्हीही जा एखाद्या मोठ्या ठिकाणी."

मला वाटलं, पुन्हा देशावर घसरतील. पण त्यांनी लाटणं थांबवलं. म्हणाले, "मला आता कोण घेणार, वहिनी?"

मी पुढचा गोळा त्यांच्याकडे सरकवला. खानावळ चालू आहे. पोळ्या आम्ही दोघं करतो.