पहिलं पाणी कुणाच्या घरी

मी जन्माची संशयी. भांडण मिटवायला कुणी बाहेरचा आला, की तो काय बोलतो ते मी ऐकत नाही. पहिलं पाणी कुणाच्या घरी पितो ते बघते. ही खोड शेवगावकडच्या आमच्या गावानं लावली. जयंतीच्या मिरवणुकीवरून गावानं आमच्या वस्तीचं दुकान-दळण बंद केलं, दोन घरं पेटवली. मग पोलिसांची गाडी बंदोबस्ताला आली. साहेब उतरले आणि ज्यांनी घरं पेटवली त्यांच्याच ओट्यावर बसून चहा प्यायले. आमचा तांब्या भरलेला तसाच राहिला. आई म्हणाली, "कुंपनानंच शेत खाल्लं तर सांगावं कुनाला?"

आता माझा मुलगा फौजेत आहे. शांतिसेनेतून आफ्रिकेला निघाला तेव्हा भिंगारच्या आमच्या चाळीत ह्यांनी पेढे वाटले. मी हात लावला नाही.

"तिथं माणसं कापतायत, आई. कुणीतरी जायला नको?"

"जा की. पण एवढ्या देशांना एकदम कळवळा कसा आला? जमिनीत काय निघतं तिथं, ते विचार आधी. जिथं काहीच निघत नाही, तिथं कोण मरायला जातं?"

तो हसला. मला मेलीला हसू येईना.

परवा त्याचा व्हिडिओ कॉल आला. मी आधी तेच विचारलं, "पाणी कुणाचं पितोस?"

"कुणाचंच नाही. आमच्या बाटल्या येतात."

जरा बरं वाटलं. पण जो कुणाचंच पाणी पीत नाही, तो कुणासाठी थांबेल, हा किडा लगेच डोक्यात शिरला.

"संध्याकाळ झाली की बाया पोरं घेऊन येतात, आमच्या छावणीच्या तारेला लागून अंथरुणं टाकतात," तो म्हणाला. "विश्वास आहे त्यांचा आमच्यावर."

"विश्वास कसला डोंबलाचा," मी चिडले. पोलिसांच्या त्या गाडीला दिवसभर शिव्या घालणारी माझी आईसुद्धा दिवेलागणीला आम्हाला घेऊन तिच्याच चाकाशी वाकळ टाकायची. दुसरीकडे जाणार कुठं? आणि खरं सांगते, तिथं आम्हाला झोप लागायची.

"निघताना त्या बायांना सांगून निघाल ना रे?"

तो म्हणाला, "ते वरून ठरतं, आई."

आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं. एके दिवशी आई वाकळ घेऊन गेली, तर गाडी नव्हती. तिसरं घर त्याच दिवशी पेटलं. ते आमचं होतं.