आसगावची काडतुसं

पवनी रोड स्टेशन येईपर्यंत छोट्या रुळांच्या गाडीने माझी पाठ खिळखिळी करून टाकली. नागपुरात सकाळीच बसलो होतो. वाटेत एक बाई उकडलेले शिंगाडे घेऊन डब्यात चढली, तेवढाच काय तो पोटाला आधार. मी साताऱ्याकडचा माणूस. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, आणि आता पुन्हा एवढा लांबचा प्रवास करायचा नाही, असं घरी जाहीर करून बसलो होतो. पण सीतारामचं पत्र आलं आणि ट्रंक भरली.

सीताराम आसगावचा. रंगरूट म्हणून माझ्या हाताखाली आला, तेव्हापासून मला उस्ताद म्हणायचा. फौजेत बंदुका आणि काडतुसं सांभाळणं आणि नव्या पोरांना ती हाताळायला शिकवणं हे माझं काम. पत्रात त्याने लिहिलं होतं, की धान कापणीला आलंय आणि एका रानडुकराने उकंडा नावाच्या शेजाऱ्याच्या बायकोला बांधीत (बांध घातलेल्या धानाच्या शेतात) फाडून मारलं. आणखी एकाचा पाय कायमचा गेला. त्या एका डुकराला मारायचा कागद वनखात्याने सीतारामच्या नावाने दिला होता, कारण परवान्याची रायफल आसपास त्याच्याकडेच होती. काडतुसं मात्र त्याच्याजवळ तीन तऱ्हेची होती. नवी महागडी घ्यायची ऐपत नव्हती आणि असलेल्यांपैकी कशावर भरवसा ठेवावा ते कळत नव्हतं. 'तुम्ही निवडून द्या, मग मी बेफिकीर,' असं शेवटी लिहिलं होतं.

स्टेशनावर खासर (बैलगाडी) घेऊन उकंडाच आला होता. काळासावळा, चाळिशीचा, बोलणं मोजकं. दसरा होऊन चार दिवस झाले होते. दोन्ही बाजूंना धान पिवळं होऊन आडवं व्हायला लागलं होतं, आणि एवढ्या पिकलेल्या रानात विळा घेतलेलं एक माणूस दिसेना. आमच्याकडे असं पीक उभं दिसलं असतं तर लोकांनी शेतातच चूल मांडली असती. मी तसं बोलूनही गेलो. उकंडाने बैलाच्या पाठीवरून हात फिरवला.

"कापाले पयले माही बायकोच जाये, साहेब," तो म्हणाला. "आता कोणी बांधीत उतरून नाही राहिलं."

मग त्याने बैलांना हाकारलं.

सीतारामचं घर कौलारू, पुढे शेणाने सारवलेलं मोठं अंगण. त्याची बायको भागीरथी, माझ्या वहिनी, उंबऱ्यातच पाणी घेऊन उभ्या होत्या. जेवायला नव्या धानाचा भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, तलावातल्या मासोळीचं झणझणीत कालवण. कालवणाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर सीताराम हसून म्हणाला, की उस्तादांना मी पहिल्यांदाच रडताना पाहतोय. त्या घरातलं ते शेवटचं हसणं मला अजून ऐकू येतं.

जेवण झाल्यावर त्याने काडतुसं माझ्यासमोर मांडली. विलायती दोनच होती. दोन काडतुसांची परीक्षा कशी घेणार, उडवली की संपली. ती मी बाजूला सारली. दुसरी जुनी, पितळ काळवंडलेलं, कुणा मालगुजाराच्या घरून स्वस्तात मिळालेली. ती एका डब्यात धानाच्या कोंड्यात पुरून ठेवली होती. तिसरी सरकारी कारखान्यातली, त्यामानाने नवी. त्यांचं खोकं फोडलेलं होतं, आणि ट्रंकेत त्यातली पाचच उरली होती. बाकीची कुठे, हे मी तेव्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावाबाहेरच्या बोडीवर (लहान तळ्यावर) गेलो. पाळीला (तळ्याच्या बांधाला) टेकवून पुठ्ठा उभा केला, शंभर पावलं मागे आलो, पोत्यावर रायफल टेकवली. आधी जुनी पाच उडवली. पाचही उडाली, पण एक वर, एक खाली, एक तर पुठ्ठ्यालाही लागली नाही. मग सरकारी पाच. पुठ्ठ्याजवळ जाऊन पाहिलं तर पाचही भोकं माझ्या तळव्याखाली झाकली जात होती. मला फार आनंद झाला. असा नेम पाहिला की माझं डोकं फिरतं, ही माझी जुनी खोड.

जुन्यांतलं एक जास्तीचं काडतूस माझ्या सदऱ्याच्या खिशात राहिलं. सरकारीच वापरायची, मी निकाल दिला. स्वस्तातली म्हणून वाईट असं नाही, पण ज्याचा नेम बेभरवशाचा ते डुकरापुढे न्यायचं नाही. ट्रंकेतली तर संपली, मग उरलेली कुठे आहेत, असं आता विचारलं. सीताराम म्हणाला, देवापाशी.

घरी आल्यावर वहिनींनी देवघरातून पितळेचं ताट आणलं. आठ काडतुसं, प्रत्येकावर हळदकुंकवाचं बोट, आणि पितळ असं चकचकीत की जणू आजच कारखान्यातून आलं. दसऱ्याला शस्त्रं पुजायची, तशी ती पुजलेली. वहिनी अभिमानाने सांगत होत्या, की या मुलखात पावसाळ्यात सगळ्याला जंग लागतो, म्हणून दर दसऱ्याला त्या ही काडतुसं जवसाच्या तेलाच्या वाटीत बुडाकडून उभी करून ठेवतात, सकाळी पुसतात आणि पूजा करतात. चार दसरे झाले, एकाला डाग नाही.

मी खोक्यावरचा आकडा पाहिला. काडतुसांवरचा आकडा तोच. एकाच दिवशी भरलेली, सख्खी भावंडं, असं मी सीतारामला म्हणालो, आणि वर वहिनींच्या निगराणीची तारीफही केली. रंगरुटांना मी पंचवीस वर्षं घसा फोडून सांगत आलो होतो, की काडतुसाच्या बुडातल्या टोपीला तेल लागू द्यायचं नाही. ते आत झिरपलं की ठिणगीच पडत नाही. ते सगळं त्या चकाकीपुढे माझ्या डोक्यातून साफ गेलं. त्यातलं एक उडवून पाहावं, एवढंसुद्धा सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर निघालो. डुक्कर नाल्याकाठच्या सिंदीच्या गचपणात होतं. उकंडा आणि दोघे जण पलीकडून डबे वाजवत आत शिरले. सीताराम बांधावर, मी त्याच्या मागे दहा पावलांवर, हात रिकामे. डुक्कर फार वेळ न लावता बाहेर आलं आणि धानातून सरळ आमच्याकडे निघालं. सीतारामने रायफल खांद्याला लावली. ती त्याची ऐट पाहून मला बरं वाटलं, हे आता लिहिताना लाज वाटते.

टक्, एवढाच आवाज आला.

बार फसला की बोल्ट लगेच उघडायचा नाही, नळी पुढे धरून थांबायचं, बार उशिरा होऊ शकतो, हे मीच त्याला शिकवलं होतं. तो थांबला. माझं शिकवलेलं इतकं मुरलं होतं, की डुक्कर वीस पावलांवर आलं तरी तो नळी पुढे धरून उभा होता. मी ओरडलो, "दुसरं भर." त्याने बोल्ट ओढला, दुसरं आत गेलं, पुन्हा टक्. मग डुक्कर त्याच्यावर होतं.

रायफल उडून माझ्या पायाशी पडली. ती उचलली, आतलं काढून फेकलं, खिशातलं जुनं काळवंडलेलं काडतूस नळीत सारलं आणि हाताच्या अंतरावरून डुकराच्या मानेत झाडलं. ते उडालं. तेवढ्या अंतरावर नेम कोण विचारतो.

सीतारामची मांडी कमरेपासून गुडघ्यापर्यंत उघडी पडली होती. धोतर फाडून आवळलं, मुठीने दाबलं, पण रक्त थांबेना. उकंडाने खासर पवनीच्या दवाखान्याकडे पळवली. वाटेत सीतारामने एकदाच डोळे उघडले. "उस्ताद, मी घाई नाही केली ना?" त्याने विचारलं. नाही, तू अगदी बरोबर केलंस, मी म्हणालो. पवनीच्या वेशीचा दरवाजा दिसायच्या आत तो गेला.

दोन दिवसांनी, घरात माणसांची गर्दी असताना, मी गोठ्यामागे बसून, बांधावरून वेचून आणलेली ती न उडालेली दोन काडतुसं पकडीने उघडली. आतली दारू ओल्या तपकिरीसारखी गोळा झाली होती आणि तिला जवसाचा वास होता. ती मी मातीत पुरली. माझ्या हातून झालेल्या चुकीला दुसऱ्या कुणाचं नाव लागू नये, एवढंच त्या वेळी मनात होतं.

निघायच्या दिवशी वहिनी माझ्यासमोर येऊन बसल्या. डोळे कोरडे होते.

"भाऊजी, गोळी काहून नाही फुटली?"

"निवडताना मी चुकलो, वहिनी. उडवून पाहायला हवं होतं, पाहिलं नाही."

त्यांनी मान हलवली. "तुमी चांगलीच निवडली. ते मले म्हनत होते, उस्तादानं निवडली, आता भेव नाही."

परवानेदार गेला की हत्यार ठाण्यात जमा करायचं असतं, म्हणून रायफल आणि उरलेली सहा काडतुसं मी नेणार होतो. त्या ती आणायला आत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा काडतुसं पुन्हा तेलाने पुसलेली होती. ठाण्यात कोणी काळजी घेणार नाही, जंग लागंल, असं म्हणाल्या. मी ती रुमालात बांधून घेतली.

पवनीच्या ठाण्यात जमादाराने एकेक काडतूस उजेडात फिरवून पाहिलं. "काय निगा राखली आहे," तो म्हणाला. मी सही केली आणि बाहेर आलो. परतीच्या गाडीत शिंगाड्याची बाई पुन्हा भेटली. मी घेतले, पण हाताला जवसाचा वास होता, खाववले नाहीत.

साताऱ्यात लोक विचारायचे, तिकडचा मुलूख कसा आहे. हिरवा आहे, तलाव फार, माणसं जीव लावणारी, असं मी सांगायचो आणि विषय बदलायचो. वहिनी हयात असेपर्यंत यातलं अक्षर लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण वाचून दाखवणारे असतात. गेल्या महिन्यात उकंडाचं पत्र आलं, त्याच्या मुलाने लिहिलेलं, वहिनी गेल्याचं. त्या वर्षीचं धान शेवटी गावाने कापलं, सीतारामच्या बांधीपासून सुरुवात केली, असंही त्यात होतं. आणि गावात कोणी माझ्या निवडीला नावं ठेवली, की वहिनी शेवटपर्यंत त्याच्याशी भांडायच्या. म्हणायच्या, उस्तादाची काडतुसं खोटी नव्हती, मी माझ्या हातानं पुसली होती.