दाजींचं नाक

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, हे बसण्यासाठी जन्माला आलेलेच नाहीत. बाकीची माणसं जेवायला बसतात, पूजेला बसतात, गप्पा मारत बसतात. दाजी ही सगळी कामं उभ्याने उरकतात. त्यांच्या लग्नात भटजींनी “बसा, बसा” असं इतक्यांदा सांगितलं, की शेवटी आमच्या वडिलांनी जावयाचा खांदा हाताने दाबून धरला आणि होम पार पाडला. नोकरीही त्यांनी शोधून काढली ती तशीच. एका औषध कंपनीचे ते एम. आर. होते. खांद्याला काळी बॅग, बुडाखाली स्कूटर, आणि अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर ही तीन गावं म्हणजे एकाच घरातल्या तीन खोल्या असल्यासारखा सकाळ-संध्याकाळ वावर. निवृत्त झाल्यावर बॅग सुटली, पण वावर सुटला नाही. कुठल्याही सुट्टीच्या दिवशी माझा फोन वाजतो आणि “हॅलो” वगैरे काही न म्हणता दाजी म्हणतात, “खाली ये.” मी गॅलरीतून बघतो तर स्कूटर चालूच असते.

या सगळ्या धावपळीचं इंधन म्हणजे कॉफी. दाजींचे वडील अंबरनाथच्या कारखान्यात होते. कारखान्याच्या वसाहतीत दाक्षिणात्य कुटुंबं पुष्कळ, आणि भिंतीला भिंत लागून एक तमिळ मामी राहायच्या. पहाटे त्यांच्या घरात फिल्टरमधून कॉफी गळायला लागली की तिचा वास भिंतीवरून उडी मारून दाजींच्या अंथरुणात यायचा. चौथीतला हा मुलगा मग उगाचच त्यांच्या दारात जाऊन उभा राहायचा. एके दिवशी मामींनी पितळी पेला हातात दिला. पोरगं घरी आलं ते ओठावर फेसाची मिशी घेऊन. आईने पाठीत धपाटा घातला आणि विचारलं, “एवढ्याशा वयात कॉफी पिऊन रात्रभर जागून करणार काय आहेस?” दाजी सांगतात, “तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. अजूनही सुचलेलं नाही.”

कॉफीच्या इतिहासावर ते स्कूटर चालवताना बोलतात, त्यामुळे मला त्यातलं निम्मंच ठाऊक आहे. उरलेलं हॉर्नमध्ये जातं. अरबस्तानातल्या फकिरांनी रात्रभर नामस्मरणासाठी जागायला ती प्यायला सुरुवात केली, मग एका फकिराने सात बिया कमरेला बांधून लपवून इकडे आणल्या आणि दक्षिणेतल्या डोंगरावर पेरल्या, इथवर मला कळलंय. “चोरीचा माल आहे, म्हणून तर गोड लागतो!” असं ते सिग्नलला मागे वळून ओरडतात. मराठी माणसावर मात्र त्यांचा राग आहे. ते म्हणतात, “आपण कॉफीला कायम पाहुणी म्हणून वागवलं. उपासाला कॉफी, आजाऱ्याला कॉफी, मुलगी बघायला आले की कॉफी. घरची म्हणून कधी वागवलीच नाही. आणि पाहुणी आली की तिच्या अंगावर जायफळ!”

जायफळ हा त्यांचा जन्माचा वैरी. माझ्या लग्नाच्या वेळी मुलगी बघायला आम्ही बदलापूरला गेलो होतो. वडीलधारे म्हणून दाजी बरोबर होते, आणि अर्थातच खिडकीपाशी उभे होते. मुलगी ट्रे घेऊन आली. दाजींनी एक घोट घेतला आणि भर बैठकीत म्हणाले, “जायफळ झोपेचं औषध आहे. पाहुण्यांना गुंगी आणून होकार घ्यायचा विचार दिसतोय.” मुलीच्या वडिलांचा चेहरा पडला. मुलगी मात्र शांतपणे म्हणाली, “मग तुम्हाला चहा करू का? तुम्ही जागेच राहिलेले बरे.” दाजी एवढे खूश झाले, की मला काही विचारायच्या आतच त्यांनी होकार कळवून टाकला. माझी बायको आजही म्हणते की तिने लग्न केलं ते दाजींच्या पसंतीने.

एकदा उल्हासनगरच्या कॅम्प चार या वस्तीत त्यांच्या ओळखीच्या एका सिंधी मेडिकलवाल्याच्या मुलीचं रिसेप्शन होतं. तिथे वाफेचं कॉफी मशीन लावलं होतं. फुस्स करून वाफ सोडायची, कपभर फेस करायचा आणि वरून चॉकलेटची पूड भुरभुरवायची. दाजी दोन मिनिटं बघत राहिले. मग कळवळून म्हणाले, “भाई, दूध को क्यूं जला रहे हो? उसने क्या बिगाडा है?” तो मशीनवाला वैतागून म्हणाला, “अंकल, तुम ही बना लो.” एवढं म्हणायची खोटी, दाजी टेबलाच्या पलीकडे! पुढचा सगळा वेळ इस्त्रीच्या सफारीत ते पाहुण्यांना कॉफी करून देत होते. त्या मेडिकलवाल्याला कळलं तेव्हा तो धावत आला, “साईं, आप तो गेस्ट हो!” दाजी म्हणाले, “गेस्ट ही तो हूं. इसलिए अच्छी पीनी है.” कोपऱ्यात ताई एकटीच जेवत होती. शेजारच्या बाईने तिला विचारलं, “वो कॉफीवाले अंकल का नंबर मिलेगा? मेरे बेटे की भी शादी है.” ताईने नंबर दिला.

ताई चहाची. नुसती चहाची नव्हे, उकळून उकळून लाल केलेल्या, आलं ठेचलेल्या चहाची. त्या दोघांच्या ओट्याची उभी वाटणी झालेली आहे. उजवीकडे तिचं चहाचं पातेलं, डावीकडे त्यांचा पितळी फिल्टर, आणि मध्ये दोघांचं म्हणून एक दूध. ती म्हणायची, “यांच्या कॉफीला येणारा वास ठीक आहे, पण वासासाठी एवढं कडू कोण पिणार?” आणि दाजी म्हणायचे, “वासासाठीच तर पितो. बाकी त्यात आहे काय?”

त्या साथीच्या काळात, सगळे घरात कोंडलेले असताना, दाजींना ताप आला. कोंडून घ्यावं लागलं हाच त्यांना मोठा आजार होता. आतल्या खोलीत त्यांच्या येरझाऱ्यांचा आवाज ऐकत ताई बाहेर बसायची. त्यांनी सांगितलं तशी, पहिल्यांदाच तिने फिल्टरची कॉफी केली आणि दाराशी ठेवली. आतून आवाज आला, “अगं, नुसतं गरम पाणी का दिलंस?” तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. ताप उतरला. दाजी बाहेर आले. कॉफी मात्र गरम पाणीच राहिली. पुष्कळांचं झालंय तसं, येईल वास परत, असं जो तो म्हणत होता, आणि खरोखरच काही महिन्यांनी वास यायला लागला. पण कॉफीला तो भलताच यायला लागला. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आम्हाला एवढंच दिसत होतं, की दाजींची चुळबुळ दुपटीने वाढली आहे. आधी त्यांनी पूड बदलली. मग ती भाजून देणाऱ्याशी भांडण काढलं. फिल्टर चिंचेने घासून घासून आरशासारखा केला. दूधवाला बदलला, मग त्याची म्हैस बघायला गेले. शेवटी एका रविवारी सकाळी फोन आला, “खाली ये. पाण्यात घोळ आहे.”

“आपल्याकडे सगळीकडे बारवी धरणाचंच पाणी येतं ना दाजी?”

“म्हणून तर. नळात येईस्तोवर त्यात काय काय घालतात कोण जाणे. मुळाशी जायचं.”

स्कूटरवर पायाशी पिशवीत फिल्टर, पूड, पेले. बारवी धरणाकडच्या एका पाड्यात त्यांच्या जुन्या ओळखीच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरचं घर होतं. कंपाउंडर बाहेर गेलेला होता. त्याची म्हातारी आई अंगणात भात वाळत घालत होती. दाजींनी विहिरीचं पाणी मागून घेतलं, नुकतं काढलेलं दूध घेतलं आणि अंगणातल्या चुलीपुढे वाकून उभ्या उभ्याच सगळा घाट घातला. म्हातारी म्हणाली, “चाय करून देते ना, ही काळी पूड कशाला?” फिल्टर गळत होता आणि दाजी त्याच्याकडे एकटक बघत होते. तीन पेले भरले. त्यांनी घोट घेतला आणि तोंड फिरवून आंब्याच्या बुंध्याशी थुंकून टाकला.

“टायर,” ते म्हणाले.

“काय?”

“टायर जळतोय. ओल्या टायरचा धूर. इथेही तोच.”

मी माझा पेला तोंडाला लावला. अशी कॉफी मी जन्मात प्यायलो नव्हतो. खोटं बोलता येईना. “दाजी, झकास झालीय.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग म्हातारीकडे. तिने पेला रिकामा करून बोटाने तळाचा फेसही पुसून घेतला होता. “कडू हाय,” ती म्हणाली, “पण बरी हाय.” तेव्हा दाजींना कळलं, की पूड, दूध, फिल्टर, पाणी, कशातच खोट नाही. ते घरापुढच्या ओट्याच्या कडेला गेले आणि बसले. मांडीवर हात ठेवून, शाळेच्या फोटोत बसतात तसे. मी त्यांचा भरलेला पेला भांड्यात ओतला. परत येताना त्यांनी स्कूटर इतकी हळू चालवली, की रिक्षावाले मागून शिव्या घालून पुढे जात होते आणि दाजी त्यांना वाट करून देत होते.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. आवाज घाबरलेला.

“अरे, हे बसलेत.”

“बसलेत म्हणजे?”

“सकाळपासून खुर्चीत बसलेत. फिल्टर धुऊन माळ्यावर टाकला आणि येऊन बसले. पेपर नाही, टीव्ही नाही. मला भीती वाटतेय.”

मी गेलो आणि त्यांना उठवून नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. याच डॉक्टरांच्या दाराशी दाजी वर्षानुवर्षं औषधांची बॅग घेऊन उभे राहिले होते. आता पेशंटच्या खुर्चीत ते अंग चोरून टेकले. डॉक्टर म्हणाले, “नाकाला पुन्हा शिकवावं लागतं. लवंग, लिंबू, असं काहीबाही रोज सकाळ-संध्याकाळ हुंगा. तो काय वास आहे ते मनात आठवा. येईल हळूहळू. पण पूर्वीसारखाच येईल असं मी सांगणार नाही.”

“म्हणजे वेगळा येईल?”

“कदाचित.”

शिकायचं म्हटल्यावर दाजी पुन्हा उभे राहिले. लवंग-लिंबावर काय भागणार त्यांचं! ते किराणा दुकानात धने हुंगायचे, देवळात कापूर हुंगायचे, सलूनमध्ये शेजाऱ्याच्या डोक्याचं तेल हुंगायचे. उल्हासनगरच्या बाजारात एका दुकानात त्यांनी उदबत्तीचे पुडे एकामागोमाग एक नाकाला लावले, तेव्हा दुकानदाराने विचारलं, “साईं, लेना है कि सिर्फ सूंघना है?” दाजी प्रामाणिकपणे म्हणाले, “सिर्फ सूंघना है. आप बस नाम बताते जाओ.” आणि तो भला माणूस गिऱ्हाईक सोडून खरोखरच नावं सांगत राहिला: मोगरा, चंदन, केवडा. एक एक वास परत यायला लागला. फोडणी आली, साबण आला, बदलापूरला माझ्या सासुरवाडीच्या फणसाचा वास तर ते गेटपाशीच ओळखायला लागले. कॉफी तेवढी टायरवरच अडून बसली.

मग ताईने काय केलं, तर स्टुलावर चढून माळ्यावरचा फिल्टर काढला. दाजी घरात असताना तिने मुद्दाम पातेल्यात दूध, पाणी, साखर आणि कॉफीची पूड एकदम टाकली आणि चहासारखी खळाखळा उकळायला लावली. हे दृश्य बघून दाजींना राहवेना. “अगं बाई, काय करतेस? तो खून आहे!” “मला काय येतं?” ताई म्हणाली. “मला कॉफी प्यायची आहे. तुम्ही करून देणार असाल तर द्या.” लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच दाजींनी ताईसाठी कॉफी केली. नाकाला रुमाल बांधून केली. तिने घोट घेतला.

“कशी आहे?”

“गरम आहे.”

“गरम आहे ते माझ्या बोटालाही कळतंय. वास सांग, वास.”

बिचारी ताई! आयुष्यात तिने वासाचे दोनच प्रकार मानले होते, चांगला आणि दूध उतू गेल्याचा. पण रोज सकाळी परीक्षा व्हायला लागली तशी तिला भाषा फुटली. एकदा म्हणाली, “पावसाळ्यात गोणपाट वाळत घातल्यासारखा.” दाजी आनंदाने टाळी वाजवून म्हणाले, “पुडीत मिसळायची चिकोरी जास्त पडली!” एकदा म्हणाली, “शेंगदाणे भाजताना शेवटी शेवटी येतो तसा.” त्या दिवशी ते डोळे मिटून किती तरी वेळ उभे होते. तिचा दुपारचा चहा सुटला नाही, पण सकाळचा कधी सुटला ते तिलाही कळलं नाही.

मागच्या महिन्यात मी बायकोला घेऊन सहज गेलो होतो. ताईची कॉफी पिऊन झाली होती, कपात थोडी उरली होती. बोलता बोलता दाजींनी तो कप उचलला, नाकावरचा रुमाल खाली ओढला आणि कुणाला काही कळायच्या आत एक घोट घेतला. आम्ही तिघंही त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. ते थुंकले नाहीत.

“टायर?” मी हळूच विचारलं.

“नाही.”

“मग आली का तुमची कॉफी परत?” ताईने विचारलं.

“नाही गं. ती नाही ही.” ते शब्द शोधत राहिले. तीन गावांतल्या प्रत्येक कॉफीवर तासभर बोलू शकणारा हा माणूस, पण त्यांना काही सापडेना. “ही कुणी दुसरीच आहे. पण वाईट नाही.”

ताईने हात पुढे केला. “बघू.” एकमेकांच्या उष्ट्या कपाला या दोघांनी कधी तोंड लावलेलं मी पाहिलं नव्हतं. तिने घोट घेतला, जिभेवर घोळवला. “मला तर रोजच्यासारखीच लागतेय.”

“तुला लागणारच,” दाजी म्हणाले. कप परत घेऊन ते खिडकीशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उरलेली कॉफी अगदी बारीक बारीक घोट घेत पीत राहिले. त्यांना तिथे काय लागत होतं ते आम्हाला कळायचा काही मार्ग नव्हता. ताईने खुणेनेच आम्हाला गप्प राहायला सांगितलं, आणि आम्ही बसून राहिलो.