पाचचा भोंगा

बाबा कारखान्यात तपासणी खात्यात होते. भोपाळच्या आमच्या टाउनशिपमध्ये माणूस खात्यावरून ओळखला जायचा आणि बाबांना सगळे 'रिजेक्टवाले' म्हणायचे. एखादा भाग केसभर जरी चुकला तरी ते त्यावर लाल खडूने फुली मारायचे, मग वरचे साहेब येऊन विनवण्या करोत. खात्याचा नियमच होता, ज्याने नाकारलं त्याच्याच सहीने तो भाग पुन्हा पास व्हायचा. हा नियम ते घरीही चालवत. माझ्या शाळेतल्या निबंधांखाली 'पास' किंवा 'रिजेक्ट' लिहून सही ठोकत. एकदा मी रडत आईकडे गेले, तर ती म्हणाली, "माझ्या सहीला कोण विचारतंय? जा, त्यांनाच पटव."

असल्या माणसाची मुलगी साहित्य आणि तत्त्वज्ञान असं दोन्ही एकत्र शिकायला निघाली. आमच्या लाइनीतली बाकीची पोरं एम. पी. नगरला इंजिनिअरिंगच्या कोचिंगला जात होती. शेजारच्या काकूंनी विचारलंच, "एकाने पोट भरणार नाही म्हणून दुसरं घेतलंस का गं?" बाबांनी मात्र अर्जावर मुकाट सही केली. "मला त्यातलं काही कळत नाही," म्हणाले, "पण शिकशील ते मला सांगायचं. मी तपासणार."

तिसऱ्या वर्षी विद्यापीठाने मला वर्षभरासाठी इंग्लंडला पाठवलं. फोन तेव्हा आमच्या लाइनीत फक्त समोरच्या काकांकडे. दर शनिवारी पाच वाजायच्या जरा आधी बाबा तिथे जाऊन बसत आणि मी तिकडून नंबर फिरवी. बोलता बोलता कारखान्याचा पाचचा भोंगा वाजे. बाबा थांबत. भोंगा संपेपर्यंत मी फोन कानाला घट्ट धरून नुसती ऐकत राही. त्या थंड, परक्या गावात तेवढंच माझं घर होतं.

जानेवारीत आईचं पत्र आलं. आपल्याकडे फोन लागला! खाली नवा नंबर. वर्षानुवर्षं यादीत नाव होतं आमचं, मी खोलीत नाचले. शनिवारी लावला. पाच वाजून गेले, भोंगा नाही.

"बाबा, भोंगा कुठे गेला?"

"बिघडलाय."

"आणि तुमचा आवाज?"

"सर्दी गं. तू अभ्यासाचं सांग."

आता हे आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. त्या सत्रात आम्ही शंका घ्यायला शिकत होतो. समोरचं टेबल खरंच आहे हे कशावरून, यावर मी पानंच्या पानं लिहिली होती. आणि भोंगा महिनोन्‌महिने बिघडलाय, यावर विश्वास ठेवला! टाउनशिपमध्ये जन्मलेली पोर मी. लहानपणी एकदा तो दहा मिनिटं उशिरा वाजला, तर आख्खी लाइन घड्याळं घेऊन रस्त्यावर आली होती. मला सगळं कळत होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं, दुसरं काय.

मार्चमध्ये निबंधाला विषय आला, एखाद्याच्या भल्यासाठी खोटं बोलावं का. मी जीव ओतून लिहिला आणि शनिवारी बाबांना मराठीत करून सांगितला. आजारी माणसाने आपलं दुखणं घरच्यांपासून लपवणं हाही अन्यायच, असं त्यात होतं. कारण मग त्यांनी काय करायचं, हे तो त्यांच्या वतीने परस्पर ठरवून टाकतो. हे उदाहरण मला फार आवडलं होतं. वाचनात कुठेतरी सापडलेलं, माझं त्यात काही नव्हतं.



"हॅलो? कट झाला का?"

"नाही. ऐकतोय." मग त्यांनी विचारलं, "हे पक्कं आहे? कुठेच सूट नाही?"

"केसभरसुद्धा नाही, बाबा," मी ऐटीत म्हणाले.

"मग पास," ते म्हणाले. खोकले आणि फोन आईकडे दिला.

त्यानंतर फोनवर आईच येऊ लागली. बाबा ओव्हरटाइमला गेलेत, बाबा बाजारात गेलेत. माझा शेवटचा पेपर झाला त्याच दिवशी मामाचा फोन आला, ये म्हणून.

मामा म्हणजे आईचा भाऊ, शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचा. स्टेशनवरून त्याने रिक्षा टाउनशिपकडे न नेता आपल्या घराकडे वळवली. "मामा, घरी चल ना." "पहले इधर चल, बेटा," तो म्हणाला, माझ्याकडे न बघता. त्याच्या बैठकीत टेबलावर फोन होता. त्यावर चिकटवलेला नंबर मी ओळखला. वर भिंतीवर बाबांचा फोटो होता आणि हार सुकून गेला होता. बाबांना जाऊन सोळा दिवस झाले होते. इस्पितळ तिथून जवळ म्हणून जानेवारीपासून आई-बाबा दोघं मामाकडेच होते. पेपर संपेपर्यंत मला काही कळवायचं नाही, अशी बाबांनी सगळ्यांकडून शपथ घेतली होती.

मी आईवर ओरडले. मी आले असते, पायाशी बसले असते, परीक्षा गेली असती खड्ड्यात! आणखी काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग फोनखालचं पॅड काढून माझ्या हातात दिलं. बाबांचं तपासणीचं पॅड. कुणाच्या बोलण्यात फरक पडू नये म्हणून त्यांनी सगळं क्रमाने लिहून ठेवलं होतं. फोन: घरी लागला. भोंगा: बिघडला. आवाज: सर्दी. आयुष्यभर खोट्यावर सही न केलेल्या माणसाची ती यादी. शेवटची ओळ त्या मार्चमधल्या शनिवारची होती.

निबंध: पास. मी: रिजेक्ट.

खाली सही, तारखेसकट.

दुसऱ्या दिवशी आम्ही आमचं बंद क्वार्टर उघडायला टाउनशिपमध्ये गेलो. पाचला भोंगा वाजला, अगदी नेहमीसारखा. आई आणि मी दारात थांबलो, तो संपेपर्यंत.

माझा राग अजून गेलेला नाही. खोटं बोललात, बाबा, आणि माझा हक्क घेतलात. तरी ते पान काढून बसते आणि त्या 'रिजेक्ट'वर काट मारायला कितीदा पेन उचलते. माझ्या सहीने ते होत नाही.