पुसलेले अकरा फोटो

माझी लेक वर्षा रोज सकाळी सुरतेतल्या गोडादऱ्याच्या आमच्या खोलीतून निघते, शेअर रिक्षाने रिंग रोडच्या ऑफिसात जाते आणि दिवसभर सात हजार एकर गवत सांभाळते. असं सांगितलं की बायका पदर तोंडाला लावून हसतात. हसा बायांनो. मीही आधी हसलेच होते.

त्याआधी ती पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये कापड तपासायची. टेबलावरून कापड सरकत जायचं, खालून ट्यूबलाइट, आणि हिने तुटलेला धागा, डाग, फिसकटलेला रंग पकडायचा. सहा वर्षं हेच केलं. डोळा असा तयार झाला की तांदळातला खडा माझ्याआधी तिला दिसायचा. मिलमधली तिची मैत्रीण वैशाली पुढे एका संस्थेच्या ऑफिसात लागली. त्या संस्थेने सुरतेपासून तीन तासांवर मोठं माळरान घेतलं होतं. तिथली वेडी बाभूळ मुळासकट काढली, चांगलं गवत पेरलं, भोवती तार घातली आणि काळविटं आणून सोडली. गवतात जागोजागी कॅमेरे बांधले. समोर काही हललं की आपोआप फोटो निघतो. असे हजारो फोटो रोज सुरतेला येतात आणि ते बघायला माणूस लागतो. वैशाली म्हणाली, "मावशी, हिला पाठवा. कापडातला धागा दिसतो, मग गवतातलं जनावर दिसणार नाही होय?"

दिसलं ना. पहिल्याच आठवड्यात गवतात दबून बसलेला तणमोर, क्वचितच दिसणारा पक्षी, हिने हुडकला, फोटोत त्याचं नुसतं डोकं होतं. ऑफिसच्या मोठ्या बाई हर्षदाबेन, त्यांनी त्या दिवशी सगळ्यांना पेढे दिले. मग कुठलं गवत यंदा कापायचं, कुठलं राखायचं, पाण्याची टाकी कुठे हलवायची, हे सगळं वर्षाच्या मोजणीवर ठरायला लागलं. माळ तिने पाहिला एकदाच, ऑफिसच्या लोकांबरोबर. पण कुठली मादी गाभण आहे, कुठल्या नराचं शिंग मोडलंय, सगळं पाठ. जेवताना तेच पुराण. मी म्हणायची, "आधी तुझ्या लग्नाचं बघू का त्या काळविटांच्या?"

ऑफिसात नियम एकच कडक होता. फोटोत माणूस दिसला किंवा मेंढरू दिसलं, की फोटो ताबडतोब तिथल्या गार्डला पाठवायचा. गार्ड जाऊन धरतात, आणि मग पोलीस केस.

आता माझ्या भावाचं सांगते. निंबा त्याचं नाव. आम्ही साक्री तालुक्यातले ठेलारी, मेंढरांमागे फिरणारी माणसं. माझा नवरा आमच्यातलाच, पण इथे लूमवर होता, म्हणून मी चार भिंतींत आले. तो गेला, तरी मी इथेच राहिले. निंबा अजून फिरतो. दिवाळी सरली की दीडशे मेंढरं घेऊन गुजरातेत उतरायचं आणि पाऊस जवळ आला की परत फिरायचं. त्याची वाट आमच्या आज्यापासूनची आहे आणि ती नेमकी त्या माळावरून जाते. तार घालताना त्याला कोणी विचारलं नाही. विचारायला तो सापडणार तरी कुठे?

मागच्या पौषात वर्षा संध्याकाळी घरी आली आणि चप्पल न काढता दारातच उभी राहिली.

"आई, आज फोटोत मामा होता."

ओढ्याच्या खळग्यातून तारेखालून मेंढरं आत घातली होती. काठी मानेमागे आडवी, दोन्ही हात तिच्यावर टाकलेले. तसा चालणारा माझा भाऊच. मी विचारलं, गार्डला पाठवला का? ती म्हणाली, अजून नाही, सकाळपर्यंत पाठवावा लागेल.

"पुसून टाक."

"आई, असं करत नाहीत."

माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "तुला टायफॉइड झाला तेव्हा मेंढरं दुसऱ्यावर टाकून बारा दिवस उशाशी कोण बसलं होतं? त्याला तू पोलिसांच्या हवाली करणार?" हे मी बोलले. दुसरं कोणी नाही. पोरगी तर नियमाने चालली होती.

तिने तो फोटो पुसला. मी निंबाला फोन करून सांगितलं, तिथे जाऊ नको रे बाबा. तो म्हणाला, "मग कुठे जाऊ, ते सांग." इकडे चलथाणला ऊस, तिकडे कारखाने, मधे प्लॉट पाडलेले. तो पुन्हा त्या माळावरच गेला. महिनाभरात वर्षाने अकरा फोटो पुसले. रोज सकाळी कॉम्प्युटर चालू करताना आज मामा दिसू नये असंच मनात येतं, असं ती म्हणायची.

मग माघात काळविटं मरायला लागली.

आधी दोन गेली, मग नऊ. वर्षाला ती फोटोत दिसायची, तोंडातून लाळ, नाक गळतंय, गवतात आडवी. जिला ही गाभण म्हणून ओळखायची तीही गेली. जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी ऑफिसात सगळ्यांसमोर हिला विचारलं, "दिवाळीपासून आत मेंढी-बकरी आली होती का? नीट आठवून सांग."

ही म्हणाली, "नाही साहेब."

झालं. मेंढरं आली नाहीत म्हणजे रोग पाण्यातूनच असणार, असं धरून त्यांनी टाक्या बंद केल्या. पाणी तपासायला पाठवलं, त्याला आठ दिवस लागणार होते. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत काळविटं कोरड्या टाकीभोवती उभी होती. वर्षा घरी येऊन तोंड फिरवून निजायची. भाकरीला हात लावेना. सांगावं तर मामा तुरुंगात, हिची नोकरी जाणार आणि फोटो पुसले म्हणून हिच्यावरही केस. न सांगावं तर सगळा कळप जाणार. "मी उद्या सांगते," असं ती रोज म्हणायची आणि मी रोज तिला गप्प बसवायची. माझी मला लाज वाटत होती, तरी बसवायची.

शेवटी मीच निंबाला फोन लावला. विचारलं, "तुझी मेंढरं बरी आहेत ना?"

"सात मेली," तो म्हणाला. "तोंडं आली होती, नाकं गळत होती. आता उरलेली बरी आहेत. का गं?"

मी त्याला सगळं सांगितलं. फोटो, काळविटं, टाक्या, डॉक्टरांना सांगितलेलं खोटं. किती काळविटं गेली, ते त्याने विचारून घेतलं. मग म्हणाला, "पोरीला म्हणावं, उद्या कामावर जा. रजा घेऊ नको." आणि फोन ठेवला.

पुढचं मला वर्षाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो आपल्या पायांनी माळाच्या फाटकाशी गेला आणि गार्डला म्हणाला, माझी आजारी मेंढरं तुमच्या गवतात चरली आहेत. त्याला जीपमध्ये घालून सुरतेच्या ऑफिसात आणलं. डॉक्टर होते, हर्षदाबेन होत्या, वैशाली होती. त्याने मेंढरांचं दुखणं काय होतं, कसं सुरू झालं, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ऐकता ऐकताच फोन उचलला, टाक्या उघडा म्हणून सांगितलं आणि लस मागवली. त्यामुळे निम्मा कळप वाचला.

मग हर्षदाबेननी विचारलं, "इतके कॅमेरे आहेत, तुझा एकही फोटो कसा नाही?"

"कॅमेरे कुठे आहेत ते मला माहीत आहे, बेन. फडकं टाकून जायचो."

वर्षा उठून उभी राहिली. "बेन, हे खोटं बोलतात. हे माझे सख्खे मामा आहेत. फोटो मी पुसले."

निंबाने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. हर्षदाबेनना म्हणाला, "ही पोरगी कोण, मला माहीत नाही. म्हाताऱ्याची कीव आली असेल तिला. सुरतेत माझं कोणी नाही. एक बहीण होती, ती मेली."

हर्षदाबेन म्हणाल्या, "वर्षा, खाली बस. चार दिवस झोपली नाहीस तू." आणि वैशालीने तिला हाताला धरून बसवलं.

हे ऐकून मला आधी संतापच आला. जिवंत बहिणीला मेली म्हणतो मेला. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

वर्षाला नोकरी सोडायची होती. मीच म्हणाले, आता सोडलीस तर लोक विचारतील का सोडली, आणि तो बोलला ते सगळं वाया जाईल. म्हणून ती जाते. त्याच खुर्चीवर बसते, तेच गवत बघते. माणूस दिसला की फोटो पाठवते, आता कोणाचाही असो. निंबाची तिकडच्या कोर्टात केस चालू आहे, तो प्रत्येक तारखेला येतो. त्याला ना आम्हाला भेटता येतं, ना आम्हाला त्याला. कारण चैत्रात वैशाली आमच्याच वरच्या खोलीत राहायला आली. गुणी पोर आहे, दिवसातून चार वेळा डोकावते. तिने निंबाचा चेहरा पाहिलेला आहे.

परवा भाऊबीज झाली. आमच्यात भाऊ नसलेली बाई चंद्राला ओवाळते. दिवस मावळल्यावर मी ताट घेऊन गच्चीवर गेले. पश्चिमेला बारीक कोर होती. वैशाली वाळत घातलेले कपडे काढत होती, ती थांबली.

"मावशी, चंद्राला ओवाळता? तुम्हाला भाऊ नाही?"

"नाही गं," मी म्हणाले. "मला भाऊ नाही."

मग मी चंद्राला ओवाळलं, आणि निंबासाठी दरवर्षी जे मागते तेच तिच्यादेखत मनातल्या मनात मागितलं.